काय उचलायचं, ते आधी बघ

वाचकाचं पत्र, थोडं कमी करून:

बाई, मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत डिस्पॅचला, म्हणजे माल पाठवायच्या खात्यात आहे. वय २६. शाळा गावातली, मराठी माध्यमाची, नंतर आयटीआय. आमच्या एका गिऱ्हाइकाकडच्या मॅडम परदेशी आहेत, त्यांचे मेल इंग्रजीत येतात. गेल्या महिन्यात एका ऑर्डरच्या रेटवरून त्यांच्याशी बोलणं अर्धवट राहिलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी त्यांचा मेल आला: ‘लेट्स पिक धिस अप ऑन मंडे.’ मला वाटलं, सोमवारी माल उचलायचा आहे. शनिवारी पोरांना थांबवून माल पॅक केला, सोमवारी सकाळी नऊला पिकअप गाडी बोलावून भरली. दुपारी दीडपर्यंत गाडी गेटवर उभी होती. मग साहेबांनी मेल वाचला. मॅडमना सोमवारी पुढचं बोलायचं होतं, मालाचा विषयच नव्हता. भरलेली गाडी परत खाली केली. तेव्हापासून सगळे मला ‘पिकअप’ म्हणतात. कॅन्टीनमध्ये शिरलो की तोंडानं हॉर्न वाजवतात. परवा दुसरा मेल आला: ‘अवर इन्स्पेक्शन पिक्ड अप ब्लो होल्स इन टू कास्टिंग्ज.’ आता मेल उघडायचीच भीती वाटते. मला या शब्दाच्या सगळ्या अर्थांची यादी द्या, मी पाठ करतो. आणि खरं सांगा, या वयात इंग्रजी येईल का? का डिस्पॅच सोडून परत शॉपवर, म्हणजे प्रत्यक्ष माल बनवायच्या कामावर जाऊ?

उत्तर:

पोरा, तुझं पत्र दोनदा वाचलं. एक गोष्ट आधी मनातून काढून टाक. गाडी गेटवर उभी राहिली ती तू अडाणी आहेस म्हणून नव्हे. ‘पिक अप म्हणजे उचलणे’ असं तुला शिकवलं, ते तू नीट लक्षात ठेवलंस आणि वेळ आली तेव्हा वापरलंस. चूक शिकवण्यात होती. मी स्वतः याच जिल्ह्यात ३१ वर्षं इंग्रजी शिकवलं. फळ्यावर मधोमध रेघ मारायची, डावीकडं इंग्रजी शब्द, उजवीकडं मराठी अर्थ. एका शब्दाला एक अर्थ, कारण रकान्यात तेवढीच जागा. पोरं उतरवून घ्यायची, मी वह्या तपासून सही करायची. त्या रकान्यांवर विसंबून किती पोरं तुझ्यासारखी कुठल्या ना कुठल्या गेटवर अडली असतील, याचं मला खरंच वाईट वाटतं.

म्हणून यादी देत नाही. ‘पिक अप’चे अर्थ इंग्रजी कोशात वीसच्या पुढं जातात. तू ते पाठही करशील. पण मेल उघडल्यावर वीसपैकी कुठला लावायचा, हे यादी सांगत नाही.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी एक केलं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरला बांधलेली पेन्सिल घेतली आणि दिवसभरात कानावर ‘उचल’ किती वेळा येतंय ते कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहीत गेले. सकाळी सातला सून आतून ओरडली, ‘आई, फोन उचला की!’ दारात भाजीवाला आला, म्हणाला, ‘मावशी, कोथिंबिरीच्या चार पेंड्या उचला, कमी करून देतो.’ पेपरात दोन बातम्या. एकात चोरीच्या संशयावरून तिघांना पोलिसांनी उचललं होतं, दुसरीत ऊस उत्पादकांची पहिल्या उचलीची मागणी होती. शेजारीण सांगत आली, नातीनं दोन आठवड्यांत पोहणं कसं पटकन उचललं. दीर आले, ते सोसायटीतून उचललेल्या कर्जाबद्दल बोलत बसले. धाकट्या जावेच्या लेकीच्या लग्नाचा हॉलचा खर्च मामानं उचलला, हेही त्यांच्याकडूनच कळलं. संध्याकाळी माझ्या गुडघ्यानं परत उचल खाल्ली. आणि रात्री नातू खेळणी पसरून झोपला, ती मी एकेक उचलली.

नऊ झाले. या नवांपैकी हातानं वर घेण्याचं म्हणावं असं एखाद-दुसरंच. तरी दिवसभरात मी एकदाही अडखळले नाही. पोलिसांनी तिघांना खांद्यावर घेतलं असं मला वाटलं नाही. पहिली उचल म्हणजे कारखाना ऊस वर उचलून धरणार, असंही वाटलं नाही. तुझ्या घरी ऊस असेल तर तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे की कारखान्याची शेतकऱ्याला दिलेली उचल वेगळी आणि मुकादमानं तोडणीच्या टोळीला दिलेली उचल वेगळी. एकात झालेल्या मालाचे पैसे, दुसऱ्यात अजून न झालेल्या कामाचे. शब्द तोच. तू कधी गोंधळलास का?

नाही गोंधळलास, कारण तू ‘उचल’ एकट्याला कधी ऐकतच नाहीस. शेजारी कोण बसलंय ते आधी ऐकतोस. फोन, कर्ज, खर्च, पोरगी, पोलीस. अर्थ त्या शेजाऱ्यानं ठरवलेला असतो. इंग्रजीतही नेमकं तेवढंच करायचं आहे. ‘पिक अप’ दिसलं की थांबायचं आणि विचारायचं: काय उचललं? कुणी उचललं?

आता तुझे दोन मेल घेऊ. ‘लेट्स पिक धिस अप ऑन मंडे.’ उचलायचं काय? ‘धिस’. म्हणजे हे. ‘हे’ म्हणजे काय, ते त्याच्या वरच्या ओळींत असणार. त्या मेलमध्ये वर काय होतं? रेटचं बोलणं. मालाचा उल्लेख नव्हता, असं तूच लिहितोस. बोलणं खाली ठेवलेलं होतं, ते सोमवारी परत हातात घ्यायचं होतं. आपण कीर्तनात म्हणतो तसं, ‘कालचा धागा पकडू या.’ मॅडमना मालच न्यायचा असता तर गाडी नंबर, वेळ, नग किती, यातलं काहीतरी त्या मेलात आलं असतं. डिस्पॅचचा माणूस म्हणून हे तुला एका नजरेत दिसायला हवं होतं, आणि दिसलंही असतं. पण तू शब्दाकडं बघत राहिलास आणि मेलकडं बघायचं राहून गेलं.

दुसरा मेल. ‘अवर इन्स्पेक्शन पिक्ड अप ब्लो होल्स.’ कुणी उचललं? तपासणीनं. काय उचललं? ब्लो होल, म्हणजे ओतलेल्या धातूत राहिलेली भोकं. भोक कुणी उचलून नेत नाही. तपासणीच्या हाती दोष लागला, म्हणजे तपासणीत दोष सापडला. अंधारात चाचपडताना हाताला काहीतरी लागावं तसं हे आहे. रेडिओनं स्टेशन पकडलं तरी इंग्रज ‘पिक अप’च म्हणतो, आणि कुत्र्यानं वास काढला तरी तेच. हा मेल गंभीर आहे बरं का. याला ‘थँक यू फॉर पिकिंग अप’ असं उत्तर दिलं नसशील अशी आशा करते. दोन कास्टिंगचे हीट नंबर, म्हणजे ती कुठल्या वितळणीतली ते विचार, फोटो मागव आणि क्वालिटीकडं आजच दे.

मराठी ‘उचलणे’ आणि हे ‘पिक अप’ कितीतरी ठिकाणी हातात हात घालून जातात. फोन उचलणं, खर्च उचलणं, पोलिसांनी उचलणं, ऐकून ऐकून भाषा उचलणं, येता-जाता स्वस्तात वस्तू उचलणं, सगळ्याला इंग्रजीत ‘पिक अप’ चालतं. इथं तुला नवीन काही शिकायचं नाही, घरचंच आहे. पण काही ठिकाणी वाटा फुटतात आणि तिथंच जपायचं. स्टेशनवर पाहुणा आला तर इंग्रज त्याला ‘पिक अप’ करतो. आपण पाहुण्याला आणायला जातो, उचलून आणलं तर भांडण होईल. सर्दी त्यांच्याकडं ‘पिक अप’ होते, आपल्याकडं लागते. येताना दूध ‘पिक अप’ करतात, आपण घेऊन येतो. आणखी एक अर्थ आहे तो माहीत असू दे, वापरू नकोस: अनोळखी मुलीशी ओळख काढून तिला पटवणं, यालाही ते ‘पिक अप’ म्हणतात. मॅडम कारखान्यात येणार असतील तर ‘आय विल पिक यू अप ॲट द एअरपोर्ट’ असं जागेसकट लिही, त्यात काही वावगं नाही.

सगळ्यात गमतीचा फरक मला माझ्या गुडघ्यानं दाखवला. गुडघेदुखीनं उचल खाल्ली म्हणजे माझं वाईट चाललंय. इंग्रजीत आजारी माणसाबद्दल ‘शी इज पिकिंग अप’ म्हटलं तर ती सावरतेय, बरी होतेय. वर येण्याचं चित्र एकच, पण आपल्याकडं वर येतं दुखणं आणि त्यांच्याकडं वर येतं माणूस. म्हणून म्हणते, कुणी उचललं, कोण वर आलं, हे विचारल्याशिवाय पुढं जायचं नाही.

आणि कधी कधी उचलायला काहीच नसतं. ‘डिमांड हॅज पिक्ड अप.’ ‘द विंड पिक्ड अप.’ पुढं वस्तू नाही, तर समज की ते आपलं आपणच वाढलंय, जोर धरलाय. जुलैत आपण म्हणतो ना, पावसानं जोर धरला, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं निघाली, तसं. गाडीला पिकअप नाही असं तू रोज म्हणतोस, तेही इथलंच. थांबलेली गाडी पटकन वेग घेत नाही. फक्त फोनचं तेवढं वेगळं ठेव. ‘ही डिडन्ट पिक अप’ यात फोन शब्द नसला तरी फोन उचलला नाही, हाच अर्थ.

एक बारीक सवय आपल्याकडं सगळ्यांना आहे, ती मोड. आपण ‘अप’ खातो. ‘प्लीज पिक द कॉल’, ‘आय विल पिक यू फ्रॉम स्टेशन’. ‘अप’ गेलं की ‘पिक’ म्हणजे निवडणं, वेचणं, फूल तोडणं. बाहेरचा माणूस समजून घेतो, पण क्षणभर अडखळतो. आणि ‘इट’, ‘धिस’, ‘देम’ असे छोटे शब्द आले की ते मधेच बसतात. ‘पिक देम अप’ बरोबर, ‘पिक अप देम’ चूक. ‘पिक अप द कास्टिंग्ज’ आणि ‘पिक द कास्टिंग्ज अप’ मात्र दोन्ही चालतात. म्हणून मेलमध्ये ‘पिक’ दिसलं की दोन-चार शब्द पुढं ‘अप’ बसलंय का ते बघ. फोनवर कानानं ओळखायचं असेल तर जोर कुठं पडतो ते ऐक. गाडी म्हणजे पिकअप, तिथं जोर ‘पिक’वर. उचलण्याची क्रिया असेल तर जोर ‘अप’वर. मॅडम पुढच्या वेळी फोनवर हे बोलतील तेव्हा एवढं लक्ष दे.

तुला वाटत असेल, हे सगळं फक्त आपल्यासारख्या मराठी शाळेतल्यांनाच जड जातं. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ साली इंग्रजीचा मोठा कोश छापला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी स्वतःच म्हटलं आहे की क्रियापदाच्या मागं छोटा शब्द जोडून अर्थ बदलायची इंग्रजीची रीत परक्या माणसाला सगळ्यात अवघड जाते. अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वी, त्यांच्याच घरच्या माणसानं. आणि उलटंही बघ. मोल्सवर्थ नावाच्या साहेबानं १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश काढला. त्या माणसापुढं आपलं ‘लागणे’ आलं असेल तेव्हा काय झालं असेल! भूक लागते, नोकरी लागते, ठेच लागते, नाद लागतो, हळद लागते, दिवा लागतो. बस फलाटाला लागते आणि त्याच बसमध्ये बसलेल्या पोराला बस लागते. ‘बोलून गेला’, ‘बोलून बसला’, ‘बोलून टाकलं’ या तिन्हींत बोलणं तेच, पण शेपूट बदललं की पहिल्यात सहज तोंडून गेलं, दुसऱ्यात पस्तावला, तिसऱ्यात मोकळा झाला. हे तू कुठल्या यादीवरून शिकलास? ज्याला हे येतं त्याला ‘पिक अप’ येणार नाही, हे मला कुणी सांगू नये.

मग तुला अडलं कुठं? याचं उत्तर तुझ्या शाळेच्या पुस्तकात आहे. पुस्तकात ‘कलेक्ट’, ‘रिझ्यूम’, ‘डिटेक्ट’, ‘इम्प्रूव्ह’ असे पोशाखी शब्द होते. ते तुला येतात, मी पैजेवर सांगते. मॅडमनी ‘लेट अस रिझ्यूम द डिस्कशन ऑन मंडे’ लिहिलं असतं तर तू गाडी बोलावली नसतीस. पण कामाच्या रगाड्यात इंग्रज माणूस पोशाखी शब्द काढत नाही. आपण तरी कुठं ‘भोजनास प्रारंभ करू या’ म्हणतो? ‘चला, बसू या जेवायला’ म्हणतो. तेव्हा असं कर: वाचताना त्यांचं ‘पिक अप’ समजून घे, पण लिहिताना तुझं ‘कलेक्ट’ आणि ‘रिझ्यूम’ बिनधास्त लिही. त्यात कमीपणा काही नाही. मालाच्या कामात जो शब्द एकाच बाजूनं वाचता येतो तोच चांगला.

एक जुनी वही घे, डायरी नको. आठवड्यातून एक शब्द, तोही तुझ्याच मेलमधला. ‘सेट अप’, ‘होल्ड अप’, ‘रन आउट’, ‘राइट ऑफ’, असे रोज येत असतील. अर्थ लिहायचा नाही. पूर्ण वाक्य उतरवायचं, उचलणारा आणि उचललेलं यांच्याखाली रेघ मारायची, आणि तेच वाक्य तू वडिलांना सांगताना कसं म्हणशील ते खाली मराठीत लिहायचं. आठवडाभर तेवढंच. मी माझ्या वर्गाला हे करायला लावलं असतं तर बरं झालं असतं.

आता नोकरीचं. डिस्पॅच सोडू नकोस. शॉपवर काम करणं कमी प्रतीचं म्हणून नव्हे, तर भीतीनं जागा सोडलीस तर ती भीती तुझ्याबरोबर तिकडंही येईल म्हणून. उद्या कामाला लागण्याआधी साहेबांकडं जा. म्हण, ‘साहेब, सोमवारी गाडीचं मी चुकीचं वाचलं. इथून पुढं गाडी सांगण्याआधी तारीख, वेळ आणि नग एका ओळीत लिहून समोरच्याकडून होकार घेईन.’ एवढंच. कारणं सांगत बसू नकोस, शाळेचं तर अजिबात नको. आणि त्या ओळीचा नियम खरंच पाळ; ज्यांचं इंग्रजी उत्तम आहे तेही मालाच्या बाबतीत होकार लेखी घेतात.

कॅन्टीनमधल्या हॉर्नचं मला जास्त लागलं. आपल्याकडं टोपणनाव चिकटायला वेळ लागत नाही, आणि बऱ्याचदा त्यात माया असते, हेही खरं. पण ज्याला ते नाव आहे त्याला माया जाणवत नसेल तर तिथं माया नाही. सगळ्यांशी भांडू नकोस. ज्यानं पहिल्यांदा हॉर्न वाजवला त्याला एकट्याला चहाला घेऊन बाहेर जा आणि सरळ सांग, मला हे लागतं, बंद कर. तू विचारलेल्या शब्दाचंच शेपूट बदललं की ‘पिक ऑन’ होतं. एकाच माणसाला धरून पुन्हापुन्हा छळणं, असा त्याचा अर्थ आहे. तुझ्याबरोबर तेच चाललंय. सांगूनही थांबलं नाही तर साहेबांना सांगायला संकोच करू नकोस.

मॅडमच्या मेलला अजून उत्तर गेलं नसेल तर आज पाठव. ‘वी कॅन रिझ्यूम द डिस्कशन ऑन द रेट. प्लीज सजेस्ट अ टाइम.’ दोन ओळी बास. सोमवारची गाडी त्यांना कळवायची गरज नाही.

आणि सकाळी नऊपासून दीडपर्यंत गेटवर उभा होता तो पिकअपचा ड्रायव्हर. त्याला थांबल्याचे पैसे मिळाले का, ते तुझ्या पत्रात नाही. मिळाले नसतील तर साहेबांकडं जाशील तेव्हा तेही बोलून टाक.